फायटरसाठी छोटा प्लान्टेड टँक करायचाय, बरणीतून लवकर बाहेर काढायचाय त्याला

सईची आई
६ जानेवारी

नमस्कार मंडळी, मी इथे नवीन, चुकलंमाकलं सांभाळून घ्या. झालं असं की लेकीच्या वर्गातल्या एका मुलाच्या वाढदिवसाला रिटर्न गिफ्ट म्हणून प्रत्येक पोराच्या हातात एकेक फायटर फिश दिला. हो, जिवंत. चहाच्या कपाएवढ्या प्लास्टिकच्या डबीत. मी न्यायला गेले तर सोसायटीच्या गेटवर बारा पोरं बारा डब्या घेऊन उभी आणि प्रत्येक आईचा चेहरा बघण्यासारखा. तर आता आमच्या ओट्याच्या कोपऱ्यात लोणच्याच्या बरणीत (चार वेळा धुतलीये, वास गेलाय) एक लाल-निळा मासा आहे, त्याचं नाव लाल्या.

ज्यांनी दिला त्यांना विचारलं तर म्हणे काही करावं लागत नाही, ऑक्सिजन लागत नाही, आठवड्याने पाणी बदला, दोन दाणे टाका, झालं. पण दोन दिवसांपासून हा नुसता तळाशी पडून असतो, मध्येच वर येऊन एक घोट हवा घेतो की परत खाली. सई शाळेत जाताना आणि आल्यावर बरणीला नाक लावून बसते. मला हे मासेप्रकरण कधीच नको होतं पण आता आलाय तर नीट ठेवावा असं वाटतं. यूट्यूबवर ते हिरवेगार टँक बघितले, खरी झाडं असलेले, तसं काहीतरी छोटं करायचंय.

आम्ही पुण्यात, पाणी कॉर्पोरेशनचं आणि बोअरचं मिक्स येतं, एप्रिल-मेमध्ये टँकर. जागा म्हणजे हॉलमधल्या शू-रॅकवर दीड फूट. खर्च फार नको. कुठून सुरू करू? आणि काचवाल्याकडून टाकी बनवून घेतलेली चालते का?

पाणकोंबडी
६ जानेवारी

ताई टाकीचं नंतर बघू, आधी त्याला थंडी वाजतीये. पुण्यात आत्ता रात्री घरातलं पाणी १९-२० पर्यंत उतरतं आणि बेट्टाला (फायटरचंच दुसरं नाव) २५ ते २७ लागतं. गार पडला की असाच तळाशी निपचित बसतो, खात पण नाही. आजच एक २५ वॉटचा छोटा हीटर आणि एक थर्मामीटर घेऊन या. लोणच्याच्या बरणीत हीटर लावू नका हं, घरात १२-१५ लिटरचा पारदर्शक स्टोरेजचा डबा असेल ना, बेडशीट ठेवतो तसला, तो नुसत्या पाण्याने धुवा, साबण नाही, आणि त्यात हलवा त्याला. हीटर प्लास्टिकला टेकू द्यायचा नाही, पाण्यात पूर्ण बुडालेला हवा, आणि पाणी बदलताना आधी बटण बंद. हे विसरलं की हीटरची काच तडकते, माझी दोनदा तडकलीये. वर जाळी किंवा झाकण ठेवा, हे मासे उडी मारतात.

एक दिवसाआड अर्धं पाणी बदला तोवर. बदलायचं पाणी बादलीत काढून त्यात अँटीक्लोरीनचे (क्लोरीन मारणाऱ्या औषधाचे) थेंब टाकायचे, बाटलीवर माप लिहिलेलं असतं.

सईची आई
६ जानेवारी

बापरे, थंडीचा विचारच नव्हता केला. संध्याकाळीच आणते.

ठाणेकर शेवाळ
७ जानेवारी

रिटर्न गिफ्ट म्हणून जिवंत मासा देणाऱ्यांना काय बोलावं ते इथे लिहिता येत नाही म्हणून सोडून देतो.

आधी त्या "बरणीत मस्त राहतो"चं बघू. हा मासा मूळचा थायलंडकडचा, भातखाचरं, पाणथळ जागा, संथ ओढे इथला. तिकडे २०१९ मध्ये त्याला राष्ट्रीय जलचर म्हणून जाहीर केलंय. आपली मरळ कशी वर येऊन हवा घेते आणि चिखलातसुद्धा तग धरते, तसंच याच्या डोक्यात कल्ल्यांच्या वर एक अवयव असतो, त्यातून तो थेट हवेतला ऑक्सिजन घेतो. म्हणून बरणीत तो गुदमरून मरत नाही, आणि म्हणूनच दुकानदारांना वाटतं की बरणी चालते. पण त्याची शी-शू त्याच पाण्यात, त्याचा अमोनिया होतो, तो कुठे जाणार? भातखाचर उथळ असतं पण केवढं पसरलेलं असतं. डबक्यात राहतो म्हणतात ते उन्हाळ्यात पाणी आटल्यावर, आणि तेव्हा तो तिथे मजेत नसतो, अडकलेला असतो.

आता टाकी. काचवाल्याकडची उत्तम, मी सगळ्या तशाच केल्यात. दीड फूट जागा आहे तर १८ इंच लांब, १० रुंद, १२ उंच सांगा, ५ एमएम काच. काठोकाठ ३५ लिटर भरते, पण माती-वाळू आणि वरची मोकळी जागा सोडली की खरं पाणी २४-२५ लिटर राहतं. एका फायटरला तेवढं भरपूर. काचवाल्याला बजावून सांगा की बुरशी न धरणारं बाथरूमचं सिलिकॉन नको, त्यात विष असतं, साधं हवं, ज्याला लावताना व्हिनेगरसारखा वास येतो. दोन दिवस वाळू द्या, मग गॅलरीत भरून एक रात्र ठेवा, खाली वर्तमानपत्र, गळती असेल तर कागद सांगतो. भरल्यावर सगळं मिळून चाळीसेक किलो होतं तेव्हा शू-रॅकवर आधी स्वतः बसून बघा 😄 खाली थर्माकोल घाला.

माझी पद्धत मातीची. नर्सरीतली साधी लाल माती, त्यात शेणखत गांडूळखत युरिया काही मिसळलेलं नको. काळी माती अजिबात नको, ती फुगते, गढूळपणा बसतच नाही आणि बऱ्याचदा त्यात चुनखडी असते. माती चाळणीने चाळून काड्या-दगड काढायचे, तळाला एक इंच, म्हणजे तुमच्या टाकीला ३ लिटरच्या आसपास, वर दीड इंच धुतलेली जाड वाळू, सात-आठ किलो. वाळू किती धुवायची? कंटाळा येईपर्यंत, आणि मग अजून तीनदा. वाळूवर थोडं व्हिनेगर टाकून बघा, फसफसलं तर त्यात शंख-शिंपल्यांचा चुना आहे, पाणी अजून जड होईल, बोअरमुळे तुमचं आधीच जड असणार.

झाडं पहिल्या दिवसापासून खच्चून लावा. लोक दोन काड्या लावतात आणि महिन्याने शेवाळ आलं म्हणून रडतात. व्हॅलिस्नेरिया मागे, ती आपल्या जड पाण्यात गवतासारखी वाढते. पुढे क्रिप्टोकोरीन. हॉर्नवर्ट किंवा गप्पी ग्रास नुसतं सोडून द्या, हे दोन्ही अमोनिया ओढतात. वर तरंगायला वॉटर स्प्राइट, फायटरला त्याच्या मुळांत लपायला फार आवडतं. लाइट ६ तास, त्याहून जास्त नको, आणि टाकीवर थेट ऊन येता कामा नये. फिल्टर म्हणजे स्पंज फिल्टर आणि छोटा एअर पंप, हवा कमी सोडायची, याच्या शेपटीचा पसारा एवढा की जोराच्या प्रवाहात बिचारा दमून जातो.

लिंबूटिंबू
७ जानेवारी

शेवाळदादा तुम्हाला साष्टांग नमस्कार पण पहिल्यांदा टँक लावणाऱ्या बाईला मातीत कशाला ढकलताय! मी तुमचंच ऐकून (तुमचं म्हणजे तुमच्यासारख्याच एका दादाचं) दोन वर्षांपूर्वी माती घातली आणि पोराने काठीने ढवळली. चिखल. म्हणजे अक्षरशः आषाढातला ओढा. सईताई आठ-नऊ वर्षांची असेल तर हात घालणारच.

माझं ऐका, नुसती वाळू पसरा इंचभर. अनुबियास आणि जावा फर्न घ्या, यांना माती लागतच नाही, काळ्या दोऱ्याने दगडाला किंवा लाकडाला बांधायचं. त्यांचं ते जाड आडवं खोड असतं ते वाळूत पुरायचं नाही, पुरलं की कुजतं. आणि मुळांतून खाणारी झाडं, म्हणजे क्रिप्ट (क्रिप्टोकोरीन) वगैरे, ती सुगडात लावा! संक्रांत आलीच आहे आठवड्यावर. बाजारात ती छोटी सुगडं मिळतात ना, रंग आणि चमकी न लावलेली बघून घ्यायची, रात्रभर पाण्यात भिजवायची, अर्धं सुगड लाल माती, वर वाळूचा जाड थर, त्यात रोप. टाकीत ठेवून दिलं की झालं. पाहिजे तेव्हा उचलून हलवता येतं, माती बाहेर येत नाही, आणि एखादं आडवं टाकलं की लाल्याला गुहा. माझी चार सुगडं दोन वर्षं पाण्यात आहेत, काही झालं नाही त्यांना.

ठाणेकर शेवाळ
७ जानेवारी

सुगडं भारी आहे हे, मला कधी सुचलं नाही. मान्य. फक्त कडा खरखरीत असेल तर पॉलिश पेपर मारा, पंख फाटतात.

सईची आई
८ जानेवारी

हीटर लावला, २६ वर आहे, रात्रीत फरक! आज सकाळी डब्यात फेऱ्या मारत होता आणि सईच्या बोटाकडे बघून फुगला पण. सुगडांची आयडिया मला आणि सईला दोघींना आवडली, तिने आत्ताच कोणतं सुगड कुठे ते कागदावर काढून ठेवलंय. टाकी सांगितलीये, चार दिवसांनी मिळेल.

एक विचारायचं होतं, सगळीकडे ते "सायकल" "सायकल" वाचतीये, चार ते सहा आठवडे रिकामा टँक चालू ठेवा म्हणतात. मग तोवर लाल्या डब्यातच?

पाणकोंबडी
८ जानेवारी

सायकल म्हणजे काय तर माशाच्या घाणीचा अमोनिया होतो, एक प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, ते पण विषारीच, मग दुसरे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात, ते त्यामानाने निरुपद्रवी आणि झाडं खातात. हे जिवाणू स्पंजमध्ये, वाळूवर, काचेवर वस्ती करतात. दह्याला विरजण लागतं तसं. विरजण नसेल तर आपोआप लागायला महिना-दीड महिना. खरं तर आधी टाकी पिकवायची आणि मग मासा आणायचा, पण तुमचा मासा आधी आला, आता काय करणार.

म्हणून विरजण आणा. ओळखीत कुणाकडे जुनी चालू टाकी असेल, मासे ठणठणीत असतील, तर त्यांच्या फिल्टरचा स्पंज तुमच्या टाकीत पिळा, किंवा नवा स्पंज त्यांच्या टाकीत दोन आठवडे ठेवून आणा. दुकानातल्या टाकीतला नको, तिथे रोज नवे मासे नवे रोग. मी पुण्यातच आहे, मेसेज करा, माझ्याकडे स्पंज कायम दोन जास्तीचे चालू असतात.

झाडं भरपूर आणि पिकलेला स्पंज असेल तर मासा लगेच सोडला तरी चालतं, फक्त पहिला महिना दर दोन-तीन दिवसांनी ३० टक्के पाणी बदलायचं आणि थेंबवाल्या किटने अमोनिया बघायचा. जरा जरी दिसला तर त्याच दिवशी पाणी बदल. आणि खायला कमी! त्याचं पोट त्याच्या डोळ्याएवढं समजा. सकाळी ३ संध्याकाळी ३ दाणे, रविवारी उपास.

ठाणेकर शेवाळ
८ जानेवारी

+१. त्यात दोन गोष्टी माझ्या. एक म्हणजे स्पंज कधीही नळाखाली धुवायचा नाही, क्लोरीनने विरजण मरतं. टाकीतून काढलेल्या पाण्यातच बादलीत पिळायचा. दुसरी, एअर पंप टाकीतल्या पाण्याच्या पातळीच्या वर ठेवा, नाहीतर नळीत नॉन रिटर्न व्हॉल्व्ह बसवा. लाइट गेली की पाणी नळीतून उलटं येतं, आणि तुमचा पंप शू-रॅकमध्ये असेल तर पंपही गेला आणि सगळ्यांच्या चपलाही.

आणि सोसायटीची टाकी साफ करतात त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी पाणी बदलू नका, ब्लीचिंग पावडर हात सैल सोडून टाकलेली असते. उन्हाळ्यात टँकरच्या पाण्याचंही तेच, प्रत्येक टँकर वेगळा. दोन बादल्या कायम साठवून ठेवायची सवय लावा.

नागपूरचा कूलर
९ जानेवारी

हे सगळे पुण्या-ठाण्यावाले हीटर हीटर करून राहिले, मी आपला मे महिन्याचं सांगतो. आमच्याकडे टाकीचं पाणी ३४ ला जाते बाप्पा. बर्फाची बाटली टाकू नका, पाणी एकदम उतरते अन् परत चढते, त्यानेच मासा जास्त बिघडते. झाकण काढून जाळी लावा अन् कॉम्प्युटरचा छोटा पंखा पाण्यावर तिरपा सोडा, बाष्पीभवनाने दोन-तीन डिग्री आरामात उतरते. कूलर कसा चालते, तसंच. फक्त पाणी रोज बोटभर कमी होते ते भरत जा. अन् पुण्यात दमट नसते तर तुमच्याकडे पण चालन, मुंबईत तेवढं काम नाही करत.

सईची आई
२७ जानेवारी

उशिरा लिहितीये पण टँक झाला!! पाणकोंबडीताईंकडून स्पंज आणि मूठभर गप्पी ग्रास मिळालं (आणि चहा पण, धन्यवाद). वाळू, पाच सुगडं, त्यातल्या तिनात क्रिप्ट, एक आडवं गुहेसाठी, एक सईने उलटं ठेवलंय कारण "त्याला डोंगर हवा". अनुबियास दगडाला बांधलं. लाल्याला डब्यातून भांड्यात घेऊन अर्धा-पाऊण तास थोडं थोडं टाकीचं पाणी घालत राहिलो मग सोडला. पहिला दिवस कोपऱ्यात, दुसऱ्या दिवसापासून सगळ्या टाकीचा मालक. रात्री झोपायला वर अनुबियासच्या पानावर जाऊन आडवा होतो, मला पहिल्यांदा वाटलं गेला!

आता रडगाणं. १) क्रिप्टची सगळी पानं पाच दिवसांत वितळली, अक्षरशः चिकट झाली. २) इवल्या इवल्या गोगलगायी दिसतायत, आम्ही आणल्या नव्हत्या. ३) पाणी हलकं दुधासारखं झालंय. ४) सईला दुसरा मासा हवाय, लाल्याला एकटं वाटतं म्हणे.

लिंबूटिंबू
२७ जानेवारी

डोंगर 😂😂

क्रिप्ट उपटू नका!!! ती जागा बदलली की रुसून सगळी पानं टाकते. कुजलेली पानं कापून काढा, सुगड तसंच राहू दे, दोन-तीन आठवड्यांत नवं पान येतं. मी पहिली क्रिप्ट मेली समजून कचऱ्यात टाकली होती आणि तिथे डब्यात तिला कोंब फुटला होता.

गोगलगायी झाडांबरोबर अंडी आली असतील. त्रास काही नाही, उरलेलं खातात. खूप वाढल्या तर समजायचं की आपण खायला जास्त घालतोय. पुढच्या वेळी नवी झाडं तुरटीच्या पाण्यात बुडवून मग धुऊन लावा.

पाणकोंबडी
२७ जानेवारी

दूध म्हणजे जिवाणू वाढतायत, नव्या टाकीत होतं, आपोआप बसेल. अमोनिया किती आला ते सांगा फक्त. आणि दुसरा मासा नाही. दुसरा फायटर तर नाहीच, नर-नर फाडतात एकमेकांना, आणि मादी पण सोबत ठेवायची नसते, लोक उगीच जोडी लावून देतात. गप्पी पण नको, त्यांच्या रंगीत शेपट्या बघून याला वाटतं हा पण फायटर. याला एकटं वाटत नाही, याला एकटंच आवडतं. सईला सांगा गोगलगायी मोजायची ड्यूटी तिची.

ठाणेकर शेवाळ
२८ जानेवारी

देशी बदामाचं झाड असेल ना सोसायटीत किंवा रस्त्याला, मोठ्या पानांचं, लाल होऊन गळतात ती. गळून वाळलेलं पान घ्या, हिरवं नाही, फवारणी नसलेल्या झाडाचं, स्वच्छ धुऊन एक सोडा टाकीत. पाणी कोऱ्या चहासारखं होतं, घाबरायचं नाही, फायटर जिथला तिथलं पाणी असंच असतं. तीनेक आठवड्यांनी पान बदला. दुकानात हेच पान पाकिटात घालून विकतात, पैसे देऊ नका.

आणि गप्पी ग्रास लवकरच टाकीभर होईल, तेव्हा जास्तीचं ओढ्यात नदीत सोडायचं नाही, वाळवून कुंडीत टाका. आपल्या नद्यांत जलपर्णी काय कमी आहे.

सईची आई
१९ एप्रिल

वर काढतीये धागा. अमोनिया फेब्रुवारीच्या मध्यापासून शून्य, क्रिप्टला आठ नवी पानं (लिंबूटिंबू तुमचे उपकार), गोगलगायी सईच्या हिशोबाने ४१, पण त्या हलतात म्हणून रोज वेगळा आकडा. लाल्याने मागच्या आठवड्यात वॉटर स्प्राइटच्या खाली बुडबुड्यांचं घरटं केलं, मी पाणी बदलताना मोडलं, सई दीड दिवस बोलली नाही माझ्याशी. कूलरदादांचा पंखा लावलाय, ३१ वरून २८ ला आलं.

आता प्रश्न असा की मेच्या पहिल्या आठवड्यात आम्ही सहा दिवस रत्नागिरीला जातोय. शेजारच्या काकू किल्ली घेऊन रोज खायला घालते म्हणाल्यात, त्यांना सगळं नीट लिहून देऊ ना? आणि पाणी?

पाणकोंबडी
१९ एप्रिल

काकूंना अजिबात सांगू नका. सहा दिवस उपाशी राहिला तर धडधाकट फायटरला काही होत नाही. काकू "एवढंसं काय पोट भरणार त्याचं" म्हणून चमचाभर टाकतील, आणि तुम्ही याल तेव्हा टाकीत पिठलं झालेलं असेल. माझ्या सासूबाईंनी केलंय हे, प्रेमाने केलंय.

निघायच्या आदल्या दिवशी ३० टक्के पाणी बदला, लाइट टायमरवर टाका, पंखा चालू ठेवून पाणी जरा वरपर्यंत भरा. काकूंना किल्ली द्या पण फक्त रोज डोकावून पंखा आणि पंप चालू आहे का एवढंच बघायला. दाण्यांची डबी बरोबर रत्नागिरीला न्या.

सईची आई
१९ एप्रिल

सई म्हणतेय ती डबी स्वतःच्या सॅकमध्ये ठेवणार. आणि काकूंसाठी टाकीवर चिठ्ठी लावणारे: "लाल्याचा उपास आहे."